एका तासाच्या आतलं घर

३ तारीख, मंगळवार

म्हातारीला पायपिटीला जुंपायचं आणि वर ते लिहूनही मागायचं, ही कुठली रीत? मी तिसरी शिकलेली. तीही पुरती नाही, मधेच धाकटा भाऊ झाला आणि त्याला सांभाळायला मला घरी बसवलं. लिहायचं तर मुलाने लिहावं. छापखान्यात मशीनवर असतो, दिवसभर अक्षरांत लोळतो. पण नाही. म्हणे, "आई, तू जाणार तर तूच लिही. घरी येईपर्यंत विसरशील."

मी विसरीन. सुताच्या गिरणीत सव्वीस वर्षं भोंग्याच्या आधी पोचले, एकदाही गेट बंद सापडलं नाही. ती मी विसरीन.

असो. नमस्कार, वही. बस समोर.

भानगड अशी आहे. घरमालकाच्या मुलाचं लग्न ठरलंय, त्याला आमचं घर हवंय. या महिन्यात दुसरं घर ठरवायचं, पुढच्या महिन्यात सामान हलवायचं. इथून सुनेचं हॉस्पिटल चालत सात मिनिटांवर. या भागात दुसरं घर घ्यायची आपली ऐपत नाही, म्हणजे लांब जाणं आलं. किती लांब, यावर घरात आठ दिवस डोकेफोड.

सून हॉस्पिटलच्या स्वयंपाकघरात असते. भांडी घासायला लागली होती. आता पेशंटांचा सगळा नाश्ता तिच्या नजरेखालून जातो, कोणाला साखर चालत नाही, कोणाला मीठ, सगळं खाटेच्या नंबरासकट पाठ. कोठीची किल्ली तिच्याकडे. पावणेसातला कोठी उघडली नाही तर नाश्ता अडतो, नाश्ता अडला की गोळ्या अडतात. तीनदा उशीर झाला तर किल्ली परत घेणार, असं साहेबाने बजावलंय. किल्ली गेली की पुन्हा भांडी. म्हणून मुलाने नियम काढला, घराच्या फाटकापासून हॉस्पिटलच्या गेटपर्यंत एक तास. वर एक मिनिट नाही.

मोजणार कोण? सून त्या वेळी कामावर. मुलगा म्हणाला मी जातो, आणि दोन दिवस सकाळी घोरत पडला. राहिले मी. लोकांची कामाची गर्दी असते त्या वेळी मी तिकडून निघायचं. आठच्या गर्दीत तासात झालं तर पहाटे होईलच.

नात म्हणाली, "बाबा, फोनमध्ये दिसतं ना किती वेळ लागतो." नात अकरा वर्षांची. तिला मी भिंगरी म्हणते, एका जागी बसली तर आजारी असते.

मुलगा म्हणाला, "फोन कधी बसच्या रांगेत उभा राहिलाय का? आजी पायाने मोजेल. आजीचं मोजणं म्हणजे दगडावरची रेघ."

बरं वाटलं. तोंडावर दाखवलं नाही. त्याचं जुनं घड्याळ दिलंय, पट्टा इतका सैल की कोपरापर्यंत जातं.

५ तारीख, गुरुवार

पिवळ्या इमारती. दलाल बरोबर होता. बोलणाऱ्याची मातीही विकते म्हणतात, याची तर भिंतीची ओलही विकली जात होती. "आजी, ही ओल नाही, गारवा आहे." म्हटलं, गारवा पोपडे धरत नाही.

घर बरं आहे. खिडकीतून समोरच्याची खिडकी दिसते, तिच्यावर पडदा. जिन्यात चार मजले चढले, बारा दारं, बाराही बंद. एकीने साखळी न काढता बोटभर दार उघडलं. "काय पाहिजे?" म्हटलं, काही नाही, घर बघायला आलेय. "मग बघा," म्हणाली आणि लावून घेतलं. दिवसा माणूस मेलं तर संध्याकाळी कळेल अशी जागा.

फाटक ते गेट बावन्न मिनिटं. एकच बस.

सुनेने ऐकून विचारलं, "शेजार कसा आहे?" म्हटलं, शेजार आहे असं नुसतं ऐकलंय.

८ तारीख, रविवार

रविवारी रस्ता मोजत नाहीत, पण जागा बघायला सगळे गेलो. कालव्याकाठची वसाहत. दोनमजली घरं, मधे मोकळी जागा, तिथे एक लांब बाक. बाकावर चार बायका मटार सोलत बसल्या होत्या. मी बाजूला उभी राहिले तर एकीने माझ्यासमोर ढीग सारला. "बसा की. हात रिकामे कशाला?" नाव नाही विचारलं, गाव नाही विचारलं, आधी मटार. मीही सोलले. त्यांच्यातली एक दाण्यांपेक्षा सालं जास्त ठेवत होती, तिला तसं सांगितलं. ती म्हणाली, "आल्या का आणखी एक सासूबाई." सगळ्या हसल्या.

जिन्याखाली शिंपी बसतो. खालच्या मजल्यावर डॉक्टरीण. भिंतीपलीकडे शाळा, भिंगरी तर भिंतीवर चढूनच बसली. घर ज्यांचं आहे त्या मास्तरीणबाई, नोकरीतून निवृत्त झालेल्या. त्यांनी सांगितलं की वसाहतीत म्हातारी माणसं बरीच. दहा वाजेपर्यंत ज्याचं दार उघडलं नाही, त्याच्या दाराशी शिंपी जाऊन टकटक करतो. मी म्हटलं, फुकटच्या चौकशा. कोणी जरा उशिरापर्यंत झोपायचं नाही का? सून मात्र ऐकत राहिली. तिने मास्तरीणबाईंना दोनदा विचारलं, "रोज? रोज करतो?"

मास्तरीणबाईंकडे आणखी एक कुटुंब येऊन गेलंय. पुढच्या रविवारपर्यंत सांगा म्हणाल्या.

येताना बसमध्ये कोणी फार बोललं नाही. एखादी गोष्ट फार आवडली की आमच्या घरात सगळे गप्प होतात. नजर लागेल म्हणून नाही, मिळणार नाही म्हणून.

९ तारीख, सोमवार

कालवा. आठला फाटकातून निघाले. कालव्याच्या पुलापर्यंत चालत, पुलावरून बस, मोठ्या चौकात बस बदलायची, तिथून हॉस्पिटल. आठ अठ्ठावन्नला गेटवर. अठ्ठावन्न मिनिटं.

सुनेने हातातलं ताट खाली ठेवलं आणि म्हणाली, "अठ्ठावन्न?" मी वही दाखवली. मुलगा म्हणाला, "एकदा झालं ते नशीब असेल. आणखी दोनदा बघू, मग हो सांगू." माझ्यावरच गेलाय, कशाला भुलत नाही.

१० तारीख, मंगळवार

एक तास चौदा मिनिटं. बस उशिरा. चौकात गर्दी. थांब्यावर जरा टेकले, तेही दोन मिनिटं, त्या घोड्यासारख्या बसची पायरी चढायची तर गुडघ्याला विचारावं लागतं. ड्रायव्हर तरणा, हातात स्टिअरिंग नाही, पाळण्याची दोरी असल्यासारखी बस चालवत होता.

१२ तारीख, गुरुवार

तिसऱ्यांदा मोजलं. एक तास एकतीस. मला कळत नाही. सगळं तेच, पूल तोच, चौक तोच. चौकात एक कंडक्टर म्हणाला, "आजी, ही बस उलट जाते, मघाशी पण तुम्हाला सांगितलं." मला कोणी काही सांगितलं नव्हतं. हल्लीचे कंडक्टर दुसऱ्याला बोलल्याचं तिसऱ्याच्या नावावर घालतात.

हॉस्पिटलच्या गेटवरचा रखवालदार म्हणतो, "आजी, परत आलात?" म्हटलं, बाबा, आत्ता तर येतेय. त्याने डोकं खाजवलं. गेटवर बसून बसून माणसाचं असंच होतं.

१२ तारीख

काल काही लिहिलं नाही. आज तिसऱ्यांदा मोजलं. एक तास चाळीस. पाय दुखतात.

१४ तारीख, शनिवार

भिंगरीने वही चाळली. "आजी, बारा तारीख दोनदा आहे." म्हटलं, मग एक तू घे. ती हसली नाही. आता तारीख ती घालून देते, मी खाली लिहायचं.

१५ तारीख, रविवार

मुलाने वही वाचून दाखवली. अठ्ठावन्न. एक चौदा. एक एकतीस. एक चाळीस.

"वाढतच चाललंय," तो म्हणाला. "रस्त्याचं काम काढलं असेल कुठेतरी."

भिंगरी म्हणाली, "फोन एक्कावन्न दाखवतो."

सून म्हणाली, "पहिल्यांदा अठ्ठावन्न होतं ना हो? एकदा मीच जाऊन बघते."

"तुझी सुट्टी गुरुवारी. मास्तरीणबाईंना आज सांगायचंय. आणि आईने चारदा मोजलंय, चारदा. आई खोटं लिहील का?"

मी खोटं लिहीत नाही हे सगळ्यांना ठाऊक. सुनेनेच मान हलवली, "नाही. आई खोटं नाही लिहिणार." मुलाने फोन लावला आणि मास्तरीणबाईंना नाही सांगितलं. भिंगरी आतल्या खोलीत गेली. सुनेने भांडी आवरायला घेतली, आवरलेलीच होती.

मलाही ती जागा बरी वाटली होती. पण जे आहे ते आहे. मिनिटं काय मी घरी बसून विणली?

१८ तारीख, बुधवार

सून कामावरून आली ती चप्पल न काढताच माझ्यापुढे बसली. "आई, तुम्ही मोजायला यायचात तेव्हा गेटवर किती वेळ असायचात?"

"पोचायचं, घड्याळ बघायचं, निघायचं. तिथे काय मला बसायला पाट मांडला होता?"

"रखवालदार म्हणतो, तुम्ही लवकर यायचात. मग तिथेच उभ्या राहायचात. त्याने आत बोलावलं तर म्हणालात, अजून पोचले नाही, पोचले की येते."

मी म्हटलं, त्या माणसाला आधी चष्मा घ्या, मग पगार. सून हसेल असं वाटलं होतं. तिने माझ्या मनगटावरचं घड्याळ काढून घेतलं. म्हणाली, पट्टा बारीक करून आणते.

१९ तारीख, गुरुवार

सुनेची सुट्टी. पहाटेच कालव्याकडे गेली होती. पावणेसहाच्या बसने तिकडून निघाली. हॉस्पिटलच्या गेटपर्यंत एकोणपन्नास मिनिटं.

मी म्हटलं, पहाटेची गोष्ट वेगळी, मी आठची मोजली. ती म्हणाली, "मी परत आठचीही मोजून आले, आई. छप्पन्न."

मग मास्तरीणबाईंकडे गेली होती. त्यांनी सोमवारीच दुसऱ्या कुटुंबाला हो सांगितलं. सुनेने हे सगळं भिंतीकडे बघून सांगितलं. माझ्याकडे एकदाही बघितलं नाही. रागावली असती तर बरं झालं असतं. रागावलेल्या सुनेला काय उत्तर द्यायचं ते मला येतं.

मुलगा म्हणाला, "मग आईने लिहिलं ते..." आणि थांबला.

२१ तारीख, शनिवार

सून अर्धा दिवस रजा टाकून मला घेऊन कालव्याकडे गेली. घर गेलंय तर आता कशाला, म्हटलं. "असंच, फिरायला." फिरायला नेतात ते तोंड वेगळं असतं, मला कळतं. तरी गेले.

फाटकापासून निघालो. मी पुढे, ती मागे. मी म्हटलं, बरोबरीने चाल की, मागून चालतेस ती वरातीतल्यासारखी. नाही आली. पुलावर पोचलो. बाक होता, मी टेकले. दोन बस समोरून गेल्या असं ती म्हणते. मला एकच आठवते, तीही भरलेली होती. मग ती माझ्या शेजारी बसली आणि हळूच म्हणाली, "आई, आपल्याला इथे बसून वीस मिनिटं झाली."

"बसले कुठे? टेकले."

"बरं, टेकून वीस मिनिटं झाली."

घड्याळ तिने माझ्यासमोर धरलं. मी बघितलं. मी गिरणीत काम केलेली बाई आहे, मला घड्याळ वाचता येतं. मधली वीस मिनिटं माझ्याकडे नव्हती. खिशात हात घालावा आणि खिसा कापलेला असावा, तसं. चोर कोण, कधी आला, काही पत्ता नाही.

मी म्हटलं, चल, बस आली.

चौकात मी उलट्या बसकडे निघाले. तिने हात धरला. तेव्हापासून घरापर्यंत सोडला नाही. लहान मुलासारखा माझा हात कोणी धरला की मी झटकते. आज झटकला नाही, एवढं लिहून ठेवते.

२४ तारीख, मंगळवार

डॉक्टर. वयाने भिंगरीपेक्षा जरा मोठा असेल. त्याने तीन शब्द सांगितले, लक्षात ठेवा म्हणाला. मग रक्तदाब, मग गुडघे, मग इकडचं तिकडचं. शेवटी विचारतो, "आजी, ते तीन शब्द कोणते?" म्हटलं, शब्द तुमचे, तुम्ही सांभाळा, मी का दुसऱ्याच्या ठेवी राखू? तो हसला आणि कागदावर काहीतरी लिहिलं. हसणाऱ्याने लिहू नये, लिहिणाऱ्याने हसू नये.

नंतर मला बाहेर बसवून सुनेशी बोलला. दार नीट लागत नव्हतं. "हे हळूहळू वाढतं" ऐकलं. "एकटं ठेवू नका" ऐकलं. बाकीचं ऐकायचं नव्हतं म्हणून शेजारच्या बाईला तिच्या मूतखड्याबद्दल विचारत बसले. तिने सगळं सांगितलं.

२६ तारीख, गुरुवार

लेकीचा फोन. ती लांब राहते, तिथून सल्ले पाठवते, त्याला भाडं पडत नाही. मुलाने फोन मोठ्या आवाजात ठेवला होता, मी आत झोपलेय असं त्यांना वाटलं.

लेक म्हणाली, "आईला माझ्याकडे आणलं असतं रे, पण आमच्याकडे जिना आहे."

मुलगा म्हणाला, "जिना तर सगळीकडे आहे."

"मग वहिनी आहेच ना घरात."

"ती घरात नसते, कामावर असते."

"आता असावं लागेल. घरचं माणूस महत्त्वाचं की हॉस्पिटलचा नाश्ता? तू बोल तिच्याशी."

"बोलतो," मुलगा म्हणाला. "ती सोडेल. तिचं काही नसतं."

तिचं काही नसतं. हे वाक्य मी ऐकलं आणि लगेच लिहायला उठले, कारण आता मला कशाचा भरवसा नाही.

२८ तारीख, शनिवार

पिवळ्या इमारती ठरल्या. महिना संपत आला, दुसरं काही हाताशी नाही. बावन्न मिनिटं, एका तासाच्या आत. पण आता त्या मिनिटांचा उपयोग कोणाला? तिथे बारा दारं बंद, मला एकटीला ठेवता येत नाही, म्हणून सुनेने घरी बसायचं असं मुलाने ठरवलंय. जी जागा तिच्या नोकरीसाठी बघायला निघालो, तिथे पोचायच्या आधीच तिची नोकरी जाणार. कालव्याकडे बाकावर बसवून मला चार बायकांच्या मधे सोडता आलं असतं, शिंपी येऊन बघून गेला असता. ती जागा कोणी घालवली? मी घालवली. चार वेळा, शाईने लिहून.

मी सुनेला विचारलं, "तू काय म्हणतेस?"

ती डबा घासत होती. "मी काय म्हणणार, आई?"

"तोंड आहे ना तुला?"

"आहे. पण यांनी साहेबांना फोन करायचं ठरवलंय. सोमवारी दहाला, मला त्या दिवशी रजा टाकायला लावलीय. मला वाटतं तेच सांगतील."

"काय सांगतील?"

"की मी येणार नाही."

डबा तिने एकदा घासला, मग परत घासला. मी बघत बसले. मला सांगायचं होतं की नोकरी सोडू नकोस. मग म्हणाले का नाही, ते आठवत नाही. काहीतरी बोलले असेन.

२९ तारीख, रविवार

भिंगरीने तारीख घालून दिली आणि उभीच राहिली.

"आजी, काल तूच आईला म्हणालीस, सोड ती नोकरी, घरी बस."

"मी?"

"हो. बाबा पण होते. बाबा म्हणाले, बघ, आईलाही पटलंय."

मी भिंगरीकडे बघितलं. पोर खोटं बोलत नाही. माझ्यासारखीच. आणि मीही खोटं लिहीत नाही, वर काल काय लिहिलंय ते तिने मला वाचून दाखवलं. म्हणजे लिहिणारी एक आणि बोलणारी दुसरी, दोघी एकाच घरात राहतो, आणि एकीचा दुसरीला पत्ता नाही. माझ्या सुनेची नोकरी घालवायला आता मुलगा नको, लेक नको. मी एकटी पुरेशी आहे. सकाळी एक बोलेन, संध्याकाळी दुसरं, आणि या घरात माझा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

मुलाला बोलावलं. म्हटलं, माझ्यासाठी दिवसा कोणी बाई ठेव. म्हणाला, कुठून ठेवू. म्हटलं, तू रात्रपाळी घे, दिवसा घरी राहा. म्हणाला, आई, असं कोण करतं. म्हटलं, मला कोंडून जा. तर म्हणाला, "वेड्यासारखं बोलू नकोस." आणि मग त्याचा चेहरा असा झाला की मीच म्हटलं, जा, चहा पी.

मला काही करता येत नाही. घर परत आणता येत नाही, ती वीस मिनिटं परत आणता येत नाहीत. उद्या दहा वाजता मी कोणत्या तोंडाने काय बोलेन, तेही मला सांगता येत नाही. एवढंच करता येतं, ते करते.

हे पान भिंगरीने उद्या सकाळी सगळ्यांसमोर मोठ्याने वाचायचं. मी अडवलं तरी वाचायचं. मी म्हणाले हे माझं अक्षर नाही, तरी वाचायचं.

फोन मुलाने लावायचा नाही. लेकीने मधे बोलायचं नाही. डॉक्टरने काय सांगितलं ते साहेबाला सांगायचं नाही. मी त्या वेळी काहीही बोलले, रडले, ओरडले, सोड म्हणाले, धर म्हणाले, तरी ते माझं धरायचं नाही. कामावर येणार की नाही, हा साहेबाचा प्रश्न सुनेला आहे. फोन तिच्या हातात द्यायचा, सगळ्यांनी खोलीबाहेर जायचं, मला हाताला धरून न्यायचं, आणि उत्तर तिने द्यायचं.